अण्णा, सायकल आणि उलट्या चाऱ्या

रविवार, रात्रीचे साडेदहा. सूर्य आत्ता कुठे मावळलाय. नेदरलँड्समधला जूनचा हा उजेड अण्णांना मान्य नाही. ते घड्याळ बघून आठला जेवतात आणि पडदे ओढून झोपतात.

आज त्यांना बेमस्टरला नेलं. पुर्मरेंडच्या आमच्या घरापासून ते सायकलवर अगदी जवळ. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांची सायकल मागून आणली होती. तिला हँडलला ब्रेकच नाही, पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आणि अण्णांना चालवता चालवता उगाच पायडल मागे फिरवायची जुनी खोड. दर वेळी सायकल गच्च. मी मागे वळून बघावं, तर हे एक पाय टेकवून तिच्याकडे संशयाने बघतायत. "चेन अडकतीय बघ हिची." अडकत नव्हती. पण नोकरीभर कृष्णा कालव्याच्या कडेने सायकल हाणलेल्या माणसाला मी काय शिकवणार!

कडेच्या बांधावर चढलो आणि अण्णा उतरलेच. अलीकडे काठोकाठ कालवा, पलीकडे चांगलंच खोल हिरवंगार रान, त्यात गाई, आणि पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते. पूर्वी हे सगळं तळं होतं. भोवती बांध घातला, बाहेरून कालवा खणला आणि पवनचक्क्या लावून पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवलं. 1612 साली तळ कोरडा झाला. जमीन समुद्रसपाटीच्या साडेतीन मीटर खाली आहे, हे सांगितल्यावर अण्णांनी एकदा कालव्याकडे, एकदा गाईंकडे बघितलं.

"कालवा वर, रान खाली. एवढं तर आपल्याकडंपण असतंय. पण पाणी सोडायची दारं कुठायत?"

मग दारं शोधत बांधावरून चालणं सुरू. ऊन चांगलंच होतं, सावलीला एक झाड नाही, पण अण्णांमधलं पाटबंधारे खातं जागं झालं होतं. शेताशेतांतून चाऱ्या, म्हणजे पाण्याचे छोटे पाट, दिसत होत्या. त्यांचं पाणी पंपाने उचलून वर कालव्यात टाकतात आणि तिथून पुढे समुद्राकडे काढून देतात, हे ऐकून ते मटकन खाली बसले.

"म्हणजे चाऱ्या उलट्या वाहतात की!"

कोरड्या उन्हाळ्यात थोडं पाणी आतही सोडतात, असं म्हटल्यावर जरा जिवात जीव आला. "मग दार आहे. असणारच. पाण्याची पाळी कोण ठरवतं?" पाळी वगैरे काही नसते, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. शेतकरी आहे आणि पाण्यावरून भांडण नाही, असं होईलच कसं?

येताना वारा समोरून. ह्या सपाट मुलखात वारा म्हणजे चढच. अण्णा गप्प, मीही. एका शेतकऱ्याच्या फाटकापाशी स्ट्रॉबेरीच्या टोपल्या आणि पैशाचा डबा होता, राखायला कोणी नाही. अण्णांनी डब्यात नाणी टाकली आणि कुणी बघत असेल म्हणून ती नीट वाजवलीसुद्धा.

घरी आल्यावर चहा घेताना सांगितलं, की इथे पाणी-मंडळाचा वेगळा कर असतो, शहरातल्या आम्हालाही. बांध राखायचे, पाणी उपसायचं, त्याचा खर्च. हसून हसून त्यांना ठसका लागला.

"पाणी काढायचीबी पाणीपट्टी! आणि देतात लोक?"

"देतात."

"थकबाकी किती असती?"

उद्या बघून सांगते म्हटलंय.