प्रवाळाचा एक्स-रे

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलमध्ये राहणाऱ्या माणसाला ग्रेट बॅरिअर रीफबद्दल, म्हणजे समोरच्या समुद्रातल्या प्रवाळांच्या प्रचंड रांगेबद्दल, मत असावंच लागतं. हॉस्पिटलच्या टी-रूममध्ये, मुलांच्या पोहण्याच्या क्लासबाहेर, कुठेही विषय निघतो आणि हमखास कुणीतरी म्हणतं, काही झालेलं नाही, रीफ मस्त आहे, २०२२ मध्ये तर ३६ वर्षांतलं सगळ्यात जास्त प्रवाळ होतं. उत्तर आणि मध्य भागापुरता तो आकडा खरा आहे, आणि म्हणूनच तो ऐकला की मला जास्त चीड येते.

एवढं लिहायला बसले त्याला कारण एक एक्स-रे. मी रेडिओग्राफर. मनगटं, गुडघे, छातीचे पिंजरे हेच दिवसभर डोळ्यांसमोर. शहराबाहेर केप क्लीव्हलँडला ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स आहे. तिथल्या गोदामात प्रवाळांचे गाभे ठेवलेले आहेत. प्रवाळ म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणाऱ्या बारीक प्राण्यांची वसाहत. त्यातलं पोराइटीस जातीचं प्रवाळ मोठ्या गोल धोंड्यासारखं वाढतं. पाणबुडे त्याला वरून पोकळ ड्रिल लावून दंडगोल काढतात, तोच गाभा, आणि भोक बुचानं बंद करतात, म्हणजे काही काळानं वरची जिवंत कातडी त्यावर पसरते. त्या दंडगोलाचा उभा पातळ काप घ्यायचा, जेमतेम सात मिलिमीटरचा, आणि एक्स-रे काढायचा.

फिल्मवर काळा-पांढरा, काळा-पांढरा असे पट्टे दिसतात. एक दाट आणि एक विरळ पट्टा मिळून एक वर्ष. वरून खाली मोजत गेलं की माणसाचा जन्म, त्याच्या आज्याचा जन्म, सगळं मागे टाकत आपण खाली जातो. मग मध्येच एक रेघ नको तितकी पांढरी दिसते. ती पाहिली आणि मी जागच्या जागी थांबले, कारण अशी रेघ मी ओळखते. लहान मुलाला मोठं आजारपण आलं किंवा पोटाला नीट मिळालं नाही, तर त्याच्या लांब हाडाची वाढ काही काळ थांबते आणि टोकाजवळ एक आडवी पांढरी रेघ राहते. मूल बरं होतं, उंच होतं, रेघ मात्र हाडात बरीच वर्षं टिकते. प्रवाळातही तेच. समुद्र फार तापला, प्रवाळ पांढरं पडलं आणि तरी वाचलं, तर त्या वर्षी ते जवळजवळ वाढत नाही आणि सांगाड्यात असा दाट पट्टा उमटतो.

प्रवाळ पांढरं का पडतं हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा पुरवतात, अनुकूल परिस्थितीत ९० टक्क्यांपर्यंत. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादाच अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर ही भागीदारी मोडते, शैवालं बाहेर जातात आणि त्यांच्याबरोबर रंगही. इथपर्यंत सगळे येतात. सांगाडा बांधण्याचं काम मात्र फार कमी लोकांना माहीत असतं, आणि मला सांगायचं आहे ते तेच.

जिवंत कातडीच्या खाली, जुन्या सांगाड्याच्या वर, अगदी चिंचोळी पोकळी असते. तिच्यात समुद्राचं पाणी शिरतं. प्रवाळ ऊर्जा खर्च करून त्या पाण्यातले हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतं आणि कॅल्शियम आत ओढतं. त्यामुळे आतलं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा जास्त अल्कधर्मी होतं आणि अ‍ॅरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, स्फटिक सुईसारखे उगवतात. आधी बारीक खांब उभे राहतात, मग ते जाड होत जातात. उंची आधी, भरीवपणा नंतर.

आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र गिळतो आणि त्यातून पाण्यात आम्ल तयार होतं. औद्योगिक काळाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.२ होता, आता ८.१ आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे माप लॉगरिदमवर चालतं, एक अंक उतरला की आयन दहापट, म्हणून हायड्रोजनचे आयन प्रत्यक्षात २५ ते ३० टक्के वाढलेत. प्रवाळाला तेच आयन बाहेर ढकलायचे आहेत. पंप तोच आणि भार मात्र वाढलेला.

मग होतं काय, तर उंची बऱ्याचदा तशीच राहते, कारण ती प्रकाशावर आणि अन्नावर जास्त अवलंबून असते. खांब जाड व्हायचं काम मात्र कमी पडतं. अमेरिकेतल्या वुड्स होलच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडलं की ग्रेट बॅरिअर रीफवरच्या पोराइटीसच्या सांगाड्याची घनता १९५० पासून सुमारे १३ टक्क्यांनी घटली आहे, आणि ती घट समुद्राच्या आम्लीकरणामुळे आहे. रोज वयस्कर बायकांच्या खुब्याचे आणि मणक्यांचे डेन्सिटी स्कॅन करणाऱ्या माझ्यासारखीला यापुढे समजावून सांगावं लागत नाही. बाई चालत येते, उंचीही ठीक असते, आणि आकडा सांगतो की हाड पोकळ होत चाललंय.

केप क्लीव्हलँडच्या संस्थेनं स्वतः २००९ मध्ये ६९ रीफवरच्या ३२८ पोराइटीसचे गाभे तपासून लिहिलं होतं की १९९० नंतर सांगाडा बांधण्याचा वेग १४ टक्क्यांनी कमी झालाय आणि मागच्या निदान ४०० वर्षांत अशी घसरण दिसत नाही. ते छापून आल्यावर त्यावर वादही झाले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. त्याच संस्थेच्या लोकांनी पुढे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गाभे काढले आणि २०१२ मध्ये सरळ सांगितलं की तिथे, विशेषतः दक्षिणेकडच्या थंड पाण्यातल्या रीफवर, विसाव्या शतकात पोराइटीसची वाढ कमी न होता वाढली आहे. पाणी थोडं गरम झालं ते तिथल्या प्रवाळांना मानवलं. आपल्या म्हणण्याला सोयीचं नाही म्हणून ते दडवलं नाही. गरमीला एक मर्यादा असते. तिच्या अलीकडे असाल तर वाढ होते, पलीकडे गेलात तर ती थांबते, आणि इथल्या उत्तर क्वीन्सलँडच्या रीफ त्या मर्यादेच्या काठावरच बसलेल्या आहेत.

आता टी-रूममधल्या आकड्याकडे येते. २०२२ मध्ये मोजलं गेलं होतं ते प्रवाळानं व्यापलेलं क्षेत्र. त्यातली बरीचशी भर अ‍ॅक्रोपोराची. ही फांद्यांची, टेबलासारखी पसरणारी प्रवाळं वर्षाला १० सेंटीमीटर आणि त्याहूनही जास्त वाढतात. पोराइटीस वाढतं वर्षाला एखाद-दीड सेंटीमीटर. वादळ, प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा आणि गरमी यांना पहिली बळी पडतात तीही अ‍ॅक्रोपोराच. म्हणजे पाच-सहा शांत वर्षं मिळाली की झाकलेलं क्षेत्र भरभर वाढतं आणि एका उन्हाळ्यात उतरतं. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर नेमकं तेच झालं. दक्षिण भागातलं प्रवाळानं झाकलेलं क्षेत्र ३८.९ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आलं. उत्तर आणि दक्षिण या दोन्ही भागांत मोजणी सुरू झाल्यापासूनची ती एका वर्षातली सगळ्यात मोठी घट होती. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५. मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडल्याची ही वर्षं. सुरुवातीची अंतरं पाहा आणि शेवटची पाहा. फांद्यांची प्रवाळंसुद्धा पूर्ण सावरायला दहाएक वर्षं घेतात.

चीड बाजूला ठेवली तर इथल्या मोजण्याच्या शिस्तीपुढे मात्र मी हात जोडते. मोजतात कसं ते सांगते. बोटीमागे दोर बांधलेला असतो, दोराला फळी, आणि फळी धरून पाण्यावर पालथा पडलेला माणूस. बोट हळू चालत राहते. दर दोन मिनिटांनी थांबते, आणि तो माणूस खाली काय दिसलं ते पाण्यात भिजणाऱ्या पाटीवर लिहितो. मग पुन्हा दोन मिनिटं. असं करत रीफला पूर्ण वळसा घालायचा. १९८० च्या दशकापासून हीच पद्धत. सरकारं बदलली, निवडणुका झाल्या, रीफवरून इथे कडाक्याचं राजकारण झालं, पण बोट जात राहिली. उपकरणं महाग असतात म्हणून यांना जमतं असं मी आधी म्हणायचे. पण दोर, फळी आणि पाटी यात महाग काय आहे? महाग आहे ती चाळीस वर्षं. त्याच रीफला, तशाच पद्धतीनं, कंटाळा न करता जाणं. गाभ्यांचंही तसंच. अतिनील दिव्याखाली धरलं की काही कापांत चमकत्या रेघा दिसतात. बर्डेकिन नदीच्या पुरानं समुद्रात आणलेलं कुजलेल्या पानापाचोळ्याचं द्रव्य सांगाड्यात अडकलेलं असतं. हे १९८४ मध्ये छापलं गेलं. तेव्हाचे काप नीट ठेवलेले असले तर पुढच्या पिढीला नवे प्रश्न त्यांनाच विचारता येतात.

इथून जवळच, पाम बेटांपैकी गूलबूडीपाशी, ‘मुगा धंबी’ नावाचं एक पोराइटीस आहे. १०.४ मीटर रुंद आणि ५.३ मीटर उंच. वय ४२१ ते ४३८ वर्षांच्या दरम्यान धरलं आहे. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा ते काही दशकांचं होतं. त्या प्रचंड आकाराचं गणित साधं आहे, वर्षाला साधारण सव्वा सेंटीमीटर आणि सवाचारशे वर्षं. असं एखादं मेलं तर त्याच्या जागी तसंच दुसरं कुणाच्याही हयातीत येणार नाही, मग झाकलेल्या क्षेत्राचा आकडा काहीही म्हणो.

“तुमच्याकडे भारतात कुठे असतात प्रवाळं?” असा प्रश्न मला इथे आला आहे, आणि तो मला लागतो. आमच्याकडे लक्षद्वीप आहे, अंदमान आहे, मन्नारचं आखात आहे, कच्छचं आखात आहे. मालवणला आहेत. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, तेही कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. इतकंच काय, मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर, त्या गढूळ पाण्यात, प्रवाळं जगतात. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये तिथून १८ प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली. इथल्या निळ्याशार पाण्यात वाढणं वेगळं आणि त्या पाण्यात वाढणं वेगळं. मी हे अभिमानानं सांगते.

कायदाही आपल्याकडे आहे. २००१ पासून रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. मन्नारमध्ये चुन्यासाठी प्रवाळ फोडण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला, तो २००५ च्या सुमारास थांबला. लक्षद्वीपमध्ये १९९८ च्या ब्लीचिंगपासून, म्हणजे प्रवाळ पांढरं पडल्यापासून, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे लोक त्याच रीफवर पुन्हा पुन्हा उतरत आहेत. तमिळनाडूतल्या तुतुकुडीची सागरी संशोधन संस्था मन्नार सांभाळते आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं लक्षद्वीप आणि कच्छच्या प्रवाळांच्या सांगाड्यावरून जुन्या हवामानाचा अभ्यास १९९० च्या दशकातच केला होता. ही माणसं इथल्या संस्थेच्या एका बोटीच्या खर्चात वर्ष काढत असतील. त्यामुळे भारतात काही होत नाही असं कुणी म्हटलं की मी ऐकून घेत नाही.

कोळशावरूनही ऐकून घेत नाही. इथल्या बंदरांतून कोळसा भारतात जातो, म्हणून रीफ मरते आहे ती तुमच्यामुळे, असं अप्रत्यक्ष सुचवलं जातं. ऑस्ट्रेलियातला माणूस वर्षाला साधारण १५ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला २ टनांच्या आसपास. खणणारे हे, विकून पैसे घेणारे हे. आता मीही त्या १५ टनांतच मोडते, गाडीशिवाय इथे कामावर पोचता येत नाही आणि जानेवारीत एसीशिवाय पेशंटला टेबलावर झोपवता येत नाही. पण मी इथे आले म्हणून आपल्या गावात दिवसातून चार तास वीज जाणाऱ्यांच्या वतीनं बोलायचा माझा हक्क गेला असं मला वाटत नाही. २०२४ मध्ये प्रवाळांच्याच सांगाड्यांतून काढलेल्या नोंदींवरून सांगितलं गेलं की कोरल समुद्राचं, म्हणजे ही रीफ ज्यात आहे त्या समुद्राचं, उन्हाळ्यातलं पाणी ४०० वर्षांत इतकं कधी तापलं नव्हतं. त्या ४०० वर्षांतला कोळसा कुणी किती जाळला हे आधी मांडा, मग बोलू.

पण नोंदींच्या बाबतीत मला आपली बाजू लढवता येत नाही. आपल्याकडे तुकडे आहेत, सलग ओळ नाही. आंग्रिया बँकेवरच्या प्रवाळाच्या वाढीचा शंभर वर्षांचा आलेख कुणी मला दाखवला तर मी तो फ्रेम करून लावीन.

आणि त्यासाठी नवं काही उभारायला नको. अलीकडे काप न करताच गाभे हॉस्पिटलच्या सीटी मशीनमध्ये घालून स्कॅन करतात. पट्टे दिसतात, आणि घनता माहीत असलेला नमुना शेजारी ठेवला तर प्रवाळाची घनताही निघते. परवानगी काढून गाभे आणणं हे शास्त्रज्ञांचं काम, ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्यांनी करावं. स्कॅन मात्र आपल्या रेडिओग्राफरांपैकी कुणीही करू शकतं. सीटी मशीन आता जिल्ह्याच्या ठिकाणीही आहे. माझ्याबरोबर शिकलेले कितीतरी जण कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत त्या मशीनवर बसतात. तुमच्यापैकी कुणाला रस असेल, विभागप्रमुख तयार असतील, तर लिहा. मशीनची सेटिंग्ज, म्हणजे किती केव्ही, किती जाडीचे स्लाइस, कुठला अल्गोरिदम हे मी इथल्या लोकांना विचारून पाठवते.