ध्रुव पाण्यात गेला

मालवाहू जहाजावर प्रवासी म्हणून जागा मिळाली, तेव्हा मी कपड्यांच्याही आधी ट्रायपॉड भरला. ताऱ्यांच्या रेघांचे फोटो काढायचे होते. त्यासाठी कॅमेरा तासभर हलता कामा नये, आणि जहाज डोलतं, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. पहिल्या रात्रीच्या फोटोत काळ्या पाटीवर गांडुळं सोडल्यासारखं दिसत होतं. ट्रायपॉड पलंगाखाली गेला. पुढचे आठ दिवस उपकरण एकच: हात लांब करून धरलेली मूठ. ती आकाशातले साधारण १० अंश झाकते. तारे तासाला १५ अंश सरकतात, म्हणजे दीड मूठ.

आम्ही एप्रिलच्या अमावास्येच्या सुमारास, २० अंश उत्तरेवरून, हिंदी महासागरातून मॉरिशसकडे निघालो. निघालो त्या संध्याकाळी ध्रुव दोन मुठींवर होता. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे शाळेत पाठ केलेलं. पाठ केलेलं आणि पाहिलेलं यांत किती अंतर असतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. संधिप्रकाशात जहाजाचे एक अधिकारी, सेकंड मेट, सेक्स्टंट (ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं उपकरण) घेऊन ब्रिजबाहेर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीबाहेर, उभे होते. तारे आणि क्षितिज दोन्ही दिसतात अशी तेवढीच काही मिनिटं मिळतात. मी म्हटलं, "कालपेक्षा खाली वाटतोय." ते डोळा न काढता म्हणाले, "पाच अंशांनी. उद्या आणखी पाच. तुम्ही रोज मोजा, जीपीएस लागणार नाही."

हिशेब सरळ होता. अक्षांशाचं एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक नॉटिकल मैल, ६० मैलांना एक अंश. आमचं जहाज १३ नॉट्सनी, म्हणजे तासाला १३ नॉटिकल मैलांनी, थोडं तिरकं नैर्ऋत्येला चाललेलं, म्हणजे दिवसाला पाच अंश दक्षिणेकडे. तिसऱ्या संध्याकाळी ध्रुव एका मुठीवर आला, चौथ्या संध्याकाळी अर्ध्या. अढळपद वगैरे ठीक आहे, पण एरवीही तो अगदी अढळ नाही. आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे आणि रोज छोटीशी प्रदक्षिणा घालतो. आर्यभटाच्या काळी तर तो बिंदूपासून बराच लांब होता, कारण पृथ्वीचा अक्षच सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो.

पाचव्या रात्री आम्ही विषुववृत्तावर होतो. ध्रुव क्षितिजावरच्या दमट धूसरपणात विरला होता. मी मात्र पश्चिमेकडे तोंड करून बसलो. मृगाच्या पोटातल्या बाणाचा एक तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर आहे. निघालो त्या रात्री तो मावळताना उजवीकडे, उत्तरेला कलत गेला होता. आज ओळंबा सोडावा तसा सरळ खाली आला. मूठभर उंचीवरून पाण्याला टेकायला चाळीस मिनिटं लागली. इथे प्रत्येक तारा असाच उभा चढतो आणि उभा उतरतो, बारा तास वर, बारा तास खाली.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहिलं होतं की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे लंकेत सरळ पश्चिमेला जाताना दिसतात. त्याची लंका म्हणजे विषुववृत्तावरचं ठिकाण. 'सरळ पश्चिमेला' हे शब्द मी याआधी कधी नीट वाचलेच नव्हते. आमची नाव ताशी २४ किलोमीटरने चालली होती. तिच्याखालची मोठी नाव, पृथ्वी, विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे.

एक गोष्ट मात्र साधली नाही. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, हे घड्याळाने पडताळायचं होतं. पण आम्ही रोज पश्चिमेलाही जवळजवळ दोन अंश सरकत होतो, म्हणजे साडेसात मिनिटं उशीर. त्यात जहाजावरची घड्याळं मध्येच मागे केली. वहीतलं ते पान मी फाडलं.

विषुववृत्तानंतर दक्षिण चढू लागली. निघताना क्षितिजाला चिकटलेला त्रिशंकू, क्रूसाच्या आकाराचा तारकासमूह, रोज पाच अंश वर. दक्षिणेकडे तोंड केलं की तारे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, उत्तरेकडे केलं की उलटे. पण या दक्षिणेच्या चक्राला आस दिसत नाही. दक्षिण ध्रुवबिंदूजवळचा सिग्मा ऑक्टँटिस हा तारा इतका फिका आहे की ब्रिजच्या दिव्यांमुळे तो मला सापडला नाही. त्रिशंकूचा लांब दांडा साडेचार पट वाढवला की दक्षिण ध्रुवबिंदू येतो. तिथे अंधार होता.

शेवटच्या रात्री, पावणेदहाला, मी मागच्या डेकवर गेलो. २० अंश दक्षिण. सप्तर्षी उत्तर क्षितिजावर इतके खाली की क्रतू पाण्यापासून मूठभरही उंच नव्हता. लहानपणापासूनच्या सवयीने पुलहापासून क्रतूपर्यंत रेघ ओढली आणि पुढे वाढवली. ती समुद्रात गेली. ध्रुव त्याच रेघेवर होता, दोन मुठी खाली.