पुसलेल्या ढाली: नेदरलँड्समधल्या कुलचिन्हांच्या मागावर

अ‍ॅमस्टरडॅमच्या आउडे केर्कमध्ये, म्हणजे शहरातल्या जुन्या चर्चमध्ये शिरलेला प्रवासी बहुधा मान वर करून तिथले मध्ययुगीन लाकडी छत न्याहाळत राहतो. डच घराण्यांच्या इतिहासात ज्याला रस आहे, त्याने मात्र तिथे मान खाली घालूनच चालावे, कारण या चर्चची संपूर्ण फरशी थडग्यांच्या दगडांची आहे. १३०६ साली अर्पण झालेली ही शहरातली सर्वांत जुनी वास्तू. तिच्या पोटात सुमारे अडीच हजार थडगी असून त्यांत दहा हजारांच्या आसपास नगरवासी विसावले आहेत, आणि १८६५ पर्यंत इथे दफने होत राहिली. रेम्ब्रांटची पत्नी सास्किया १६४२ साली इथेच पुरली गेली. तिच्या दगडापाशी चार-दोन माणसे कायम घुटमळत असतात. बाकीच्या फरशीवरून लोक सरळ चालत जातात.

मी गेलो होतो ते या बाकीच्या फरशीसाठी. युरोपातली कुलचिन्हे (ढालीच्या आकारात काढलेल्या घराण्यांच्या खुणा, म्हणून त्यांना नुसते ‘ढाल’ही म्हणतात) म्हणजे राजेरजवाड्यांचा आणि सरदारांचा मामला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि इंग्लंडपुरती ती बरीचशी खरीही आहे, कारण तिथे ढाल मिरवायची तर अधिकृत परवानगी लागते. डच भूमीवरची गोष्ट निराळी. इथे बिअर गाळणारा, कातडी कमावणारा, गलबतांत भागीदारी घेणारा, इतकेच काय पण स्वतःची जमीन कसणारा शेतकरीही पाचशे-सहाशे वर्षांपासून आपल्या घराण्याची ढाल बाळगत आला आहे आणि त्याने ती कोणाला विचारून घेतलेली नाही. आउडे केर्कच्या फरशीवर हे सगळे एका पातळीत पडलेले दिसतात. एका दगडावर शिरस्त्राण, त्यावरचा तुरा, दोन्ही बाजूंनी झुळझुळत उतरणारी पानांसारखी वस्त्रे आणि मधोमध ढाल असा पूर्ण थाट असतो. शेजारच्या दगडावर ढालीचा नुसता आकार असतो आणि आत एक उभी रेघ, तिला इंग्रजी चार या आकड्यासारखा फाटा व खाली मालकाच्या नावाची अक्षरे. ही दुसरी खूण म्हणजे व्यापाऱ्याची निशाणी. मालाच्या गाठोड्यांवर आणि पिंपांवर जी खूण मारायची, तीच घरावर आणि शेवटी थडग्यावर. निशाणीवाल्याच्या मुलाकडे पैसा आला की तो तीच ढालीत बसवत असे, आणि नातवाला ती गावंढळ वाटू लागली की तिच्या जागी सिंह किंवा गरुड येत असे. तीन पिढ्यांची चढती कमान अशी ढालींवरून वाचता येते.

एका मोठ्या निळसर-काळ्या दगडापुढे मी बराच वेळ उभा होतो. शिरस्त्राणाच्या जाळीची एकेक पट्टी त्यावर स्पष्ट दिसत होती, वस्त्रांच्या वळ्या कोणी कालच कोरल्यासारख्या होत्या, आणि मधली ढाल मात्र साफ तासून काढलेली होती. वाकून पाहिले तेव्हा तिरप्या प्रकाशात छिन्नीचे घाव मोजता येतील इतके ठळक दिसले. दगड झिजला की कडेपासून गुळगुळीत होत जातो. इथे कडा शाबूत होत्या आणि घाव फक्त ढालीच्या आत होते.

हे काम १७९५ सालचे. त्या वर्षीच्या जानेवारीत फ्रेंच फौजा आत आल्या, स्टॅडहोल्डर, म्हणजे डच प्रांतांचा कारभारी प्रमुख, पाचवा विल्यम शेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावरून इंग्लंडला निसटला आणि समतेची द्वाही फिरवणारे बटाव्हियन प्रजासत्ताक उभे राहिले. जन्माने मिळणारा मोठेपणा नव्या राज्यकर्त्यांना नको होता, म्हणून चर्चमधली, गाड्यांवरची आणि नोकरांच्या पोशाखांवरची कुलचिन्हे काढून टाकण्याचे हुकूम सुटले. सर्वांत मोठी हानी झाली ती भिंतींवर टांगलेल्या शोकफलकांची. घरातला कर्ता वारला की शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या लाकडी फळीवर त्याची ढाल व मृत्यूची तारीख रंगवून ती घराच्या दारावर लावत, अंत्ययात्रेत मिरवत आणि नंतर चर्चमध्ये कायमची टांगत. खानदानी घराण्यांत मुख्य ढालीभोवती आठ किंवा सोळा पूर्वजांच्या लहान ढाली असत, पाहणाऱ्याच्या डावीकडे वडिलांकडच्या आणि उजवीकडे आईकडच्या. म्हणजे एका फळीवर पणजोबा-पणजीपर्यंतची, क्वचित त्याच्याही एक पिढी मागची, दोन्ही कुळांची वंशावळ. डच भूमीवरच्या चर्चमधून असे फलक ढिगाने उतरवले गेले. काही त्या-त्या कुटुंबांनी घरी नेले, पण पुष्कळसे जळणात गेले. समतेचा आग्रह मला मान्य आहे. तरीही ज्या देशात चर्मकारालाही ढाल घ्यायला कोणी मना केले नव्हते, तिथे ढालींवर छिन्नी चालवून नेमकी कोणती विषमता गेली, हा प्रश्न त्या दगडापुढे उभे असताना मनात आल्यावाचून राहिला नाही.

या छिन्नीपासून सुटलेल्या काही डच ढाली आपल्याकडे आहेत, हे इथे नोंदवायला हवे. कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या थडग्यांचे दगड आता भिंतींना लावून उभे केले आहेत, आणि त्यांवरची कोरीव कुलचिन्हे आजही पाहता येतात. डचांनी कोची पोर्तुगिजांकडून १६६३ साली घेतली आणि १७९५ साली ती इंग्रजांच्या हाती गेली. मायदेशी ज्या वर्षी ढाली तासल्या जात होत्या, त्याच वर्षी इथल्या ढालींवरचा डच अंमल संपला. याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती, पण तिथल्या पडक्या भिंतींना ढाली शोधणाऱ्याची निराशाच पदरी घ्यावी लागते.

थडग्याच्या दगडावर ढाल शाबूत असली, तरी ती खाली पुरलेल्या माणसाचीच असेल असे धरून चालता येत नाही. चर्चमधले थडगे ही विकत घेण्याची, विकण्याची आणि वारशाने मिळण्याची मालमत्ता होती. नवा मालक पुष्कळदा जुनाच दगड ठेवून त्यावर आपले नाव तेवढे कोरून घेई. म्हणून हाडाचा वंशावळकार दगडावर न थांबता थडग्यांच्या मालकीच्या नोंदवह्यांकडे वळतो. अ‍ॅमस्टरडॅमचे नगर अभिलेखागार फाइझेलस्ट्राटवरच्या डे बाझेल या भव्य इमारतीत आहे आणि त्यातल्या दफनांच्या, लग्नांच्या व बाप्तिस्म्यांच्या कितीतरी नोंदी आता घरबसल्या पाहता येतात.

शहरातून पायी हिंडताना ढाली भेटत राहतात. पाल्मग्राख्तवर १६४८ सालचा रापेनहोफ्ये आहे. पीटर आड्रियान्सझोन राप या गृहस्थाने गरिबांसाठी बांधलेल्या या घरकुलांच्या दारावर सलगमाचा कंद कोरला आहे, कारण राप म्हणजे सलगम. आडनाव चित्रातून बोलणाऱ्या अशा ढालींना डच लोक ‘बोलकी चिन्हे’च म्हणतात. क्लोव्हेनियर्सबुर्खवालच्या कालव्यावर ट्रिप बंधूंचा वाडा आहे. १६६०-६२ मध्ये बांधलेल्या या वाड्याची धुराडी तोफांच्या आकाराची आहेत, आणि शस्त्रांच्या व्यापारावर गब्बर झालेल्या घराने तो व्यापार लपवला नाही, याचे मला कौतुकच वाटले. सगळ्यांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. १७९५ पूर्वीच्या जुन्या डच प्रजासत्ताकाच्या काळात या देशात कोणाला सरदारकी बहाल करणारा राजाच नव्हता, त्यामुळे ज्याला ती हवी असे तो परक्या दरबाराचे दार ठोठावी. अ‍ॅमस्टरडॅमचा बर्गोमास्टर, म्हणजे नगरप्रमुख, आंद्रिस डे ग्राफ याने आपले कूळ ऑस्ट्रियातल्या फॉन ग्राबेन या सरदार घराण्यापर्यंत नेऊन भिडवले आणि १६७७ साली पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट लिओपोल्ड याच्याकडून सरदारकी मिळवली. पैसा आधी आला आणि पूर्वज मागाहून सापडले, अशी उदाहरणे आपल्यालाही नवीन नाहीत.

अ‍ॅमस्टरडॅमहून तासाभराच्या आत आगगाडी गौड्याला पोचते. चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १२३ मीटर लांबीचे, देशातले सर्वांत लांब चर्च आहे. १५५२ च्या आगीनंतर या सिंट यान्सकेर्कच्या खिडक्यांत नवी रंगीत काचचित्रे बसवायला सुरुवात झाली, आणि डिर्क व वाउटर क्राबेट या भावांनी त्यांतली उत्तमोत्तम घडवली. एका खिडकीत स्पेनचा दुसरा फिलिप आणि इंग्लंडची राणी मेरी गुडघे टेकून बसलेली आहेत. ती १५५७ सालची. दुसरी खिडकी फिलिपचा पुढे हाडवैरी झालेल्या ऑरेंजच्या विल्यमने दिलेली आहे. स्पेनविरुद्ध बंड पेटले, गाव प्रोटेस्टंट झाले, तरी काचा फोडल्या गेल्या नाहीत. उलट शतकाच्या अखेरीस नव्या खिडक्या आल्या, आणि त्यांत संतांच्या जागी शहरांची व संस्थांची चिन्हे झळकू लागली. ऱ्हाइनलंडच्या बंधारे मंडळानेही आपल्या पदाधिकाऱ्यांच्या ढालींची एक खिडकी दिली आहे. पाण्याचा निचरा पाहणाऱ्या मंडळाने देवळात स्वतःच्या ढाली लावाव्यात, यावरून या देशात खरी सत्ता कोणाच्या हाती होती हे कळते.

हार्लेम शहराने दिलेल्या खिडकीपुढे मी सर्वांत जास्त रेंगाळलो. धर्मयुद्धात इजिप्तच्या दमिएत्ता बंदराच्या तोंडाशी ताणलेली साखळी हार्लेमच्या गलबताने करवत लावून तोडली, म्हणून सम्राटाने शहराच्या ढालीला तलवार दिली आणि धर्मगुरूने क्रूस दिला, अशी ती कथा. इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही, पण हार्लेमच्या लोकांनी ती खिडकीत चढवली आणि ढालीवरही जपली. उन्हाचा कवडसा फिरला तसा तिथला लाल रंग निखाऱ्यासारखा पेटला. कुलचिन्हांत सोनेरी व चांदी हे दोन धातू आणि लाल, निळा, काळा, हिरवा हे मुख्य रंग. धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको, हा त्यांचा मूळ नियम लांबून ओळख पटावी म्हणून झाला. काचेत तो जितका पटतो तितका कागदावर पटत नाही. छापील पुस्तकांत रंग नसल्यामुळे सतराव्या शतकात रेघांची भाषा रूढ झाली: ठिपके म्हणजे सोने, उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, आणि कोरी जागा म्हणजे चांदी. एवढे पाठ केले की नंतरच्या काळातल्या एखाद्या करड्या दगडावरचे रंगही सांगता येतात.

याच गौड्यात १८६१ साली योहानेस बाप्टिस्टा रीटस्टापचा युरोपीय कुलचिन्हांचा महाकोश प्रसिद्ध झाला. संसदेत लघुलेखकाचे काम करणाऱ्या या माणसाने पुढच्या आवृत्तीत लाखाहून अधिक ढालींची शब्दांत वर्णने दिली. काम अचाट, यात शंका नाही. पण आडनावांच्या या क्रमवार यादीचा नंतर जो दुरुपयोग झाला, तो मी माझ्या मुक्कामीच रोज पाहत होतो. ज्या बाईंकडे मी उतरलो होतो, त्यांच्या ओटीवर ‘यानसेन’ अशा नावाखाली एक रंगीत ढाल चौकटीत लावलेली होती. वडिलांनी ती जत्रेतल्या दुकानातून घेतली होती. यानसेन म्हणजे यानचा मुलगा. या देशात अशी घराणी गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ढाल आडनावाची नसते, एका विशिष्ट पूर्वजाच्या वंशाची असते, आणि तो पूर्वज कागदोपत्री सिद्ध केल्याशिवाय ती आपली म्हणता येत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण सांगितले तर धंदा बसेल.

बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी स्वतःच ही ढाल तपासायचे मनावर घेतले आणि आम्ही हेगला गेलो. तिथे मध्यवर्ती स्टेशनाला लागूनच राष्ट्रीय अभिलेखागार आहे, आणि १९४५ साली स्थापन झालेले वंशशास्त्राचे मध्यवर्ती कार्यालयही त्याच परिसरात आहे. सरदार घराण्यांच्या व नगरपालिकांच्या ढालींचे काम १८१४ पासून सरदारांची उच्च परिषद पाहते; सामान्य घराण्यांची नोंद हे कार्यालय ठेवते. त्याच्या संग्रहात मुसखार्ट नावाच्या संशोधकाने जुन्या दस्तऐवजांच्या मोहरा पाहून केलेल्या हजारो टिपणांच्या चिठ्ठ्या आहेत, आणि डच ढालींचे खरे मूळ या मोहरांतच आहे. गावचा न्यायपंच झालेल्या माणसाला जमिनीच्या खरेदीखतावर आपली मोहर उठवावी लागे. मोहर म्हटली की चिन्ह आले, मग तो पंच पेशाने गवंडी असो की शेतकरी. मेणात उमटलेली ती नखाएवढी ढाल आणि कडेने फिरलेले नाव, एवढाच भक्कम पुरावा. जत्रेतल्या ढालीला असा कोणताही आधार निघाला नाही.

बाईंच्या आईचे माहेर फ्रीसलंडचे. तिकडे जमिनीचे स्वतः मालक असलेल्या शेतकऱ्यांच्या ढालींत डाव्या अर्ध्या भागात काळा अर्धा गरुड आणि उरलेल्या भागात तिपानी गवत किंवा ओकची फळे, अशी ठरावीक मांडणी पुष्कळ आढळते; त्यामुळे त्या बाजूला काही हाती लागेल अशी आशा त्यांना आहे. वडिलांच्या बाजूसाठी नवी ढाल नोंदवायचा विचार चालू आहे. त्याला कायद्याने कोणाची आडकाठी नाही. ती दुसऱ्या कोणाच्या ढालीसारखी नसावी, रंगांचा नियम पाळलेला असावा आणि वंशावळ कागदपत्रांनी जुळवलेली असावी, एवढेच कार्यालय पाहते. मात्र नोंदणीने मालकी हक्क मिळत नाही. अडले आहे ते भावंडांपाशी. पणजोबा पाणी सोडण्याच्या दारांवर राखणदार होते म्हणून बाईंना ढालीत ती दारे हवी आहेत, तर धाकट्या भावाला सिंहाशिवाय दुसरे काही मान्य नाही.