45 अँप्युल

ऑगस्टची दुपार. चोपड्याकडच्या एका खेड्यातून त्याला जीपमध्ये घालून आणलं. पाठीवरचा पंप गळका, सकाळपासून कपाशीवर फवारणी; बनियन औषधाने चिंब. तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी 48. "याले काय व्हयनं?" आई विचारत होती. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा डबा मात्र कुणीतरी आठवणीने आणला होता.

कपडे उतरवून साबणाने अंग धुतलं, ऑक्सिजन लावला आणि उतारा म्हणून ॲट्रोपिन सुरू. आधी 3 अँप्युल, पाच मिनिटांनी 6, मग 12, मग 24. सिस्टरच्या बोटांना काचा लागल्या. छाती मोकळी झाली तेव्हा ट्रेमध्ये 45 फुटक्या अँप्युल होत्या.

नसेचा निरोप ॲसिटिलकोलीन पोचवतं. ते समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला लागलं की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम लगेच त्याचे तुकडे करतं. एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला हजारो उडवतो. कीटकनाशक नेमकं त्या एन्झाइमलाच चिकटतं. मग निरोप पुसलाच जात नाही, रिसेप्टर सारखा वाजत राहतो. ॲट्रोपिन एन्झाइमला हातही लावत नाही, ते ग्रंथी, हृदय, श्वासनलिका इथल्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, एवढंच. स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे, तिथे त्याचं काही चालत नाही. एन्झाइम सोडवायला पॅम नावाचं इंजेक्शन दिलं, पण या जातीचं कीटकनाशक काही तासांत एन्झाइमवर कायमचं घट्ट बसतं, आणि हा सकाळपासून भिजलेला.

हे सगळं मला पाठ होतं. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी तो "आते बरं शे" म्हणत चहा मागायला लागला, तेव्हा त्याला वॉर्डात हलवायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. सिस्टर म्हणाली, "सर, उशी काढताना मान उचलत नाहीये." डोकं वर घे म्हटलं. घेता येईना. श्वासही उथळ, घाईघाईचा. तासाभरात नळी घालून, हाताने श्वास द्यायची अँब्यू बॅग दाबत, 108 मधून जळगावला. तिथे तो नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता.

सप्टेंबरात तपासणीला आला. फवारणीला कधी जाऊ, विचारलं. लाल पेशींतलं एन्झाइम रोज जेमतेम एक टक्का भरून येतं. म्हटलं, तीन महिने तरी पंपाला हात लावू नकोस.

त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे तवपर्यंत वेचणी."

पंप दुरुस्त केला का, हे विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.