तुम्ही टाळ्या का वाजवत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यान झेपावलं की जमलेली सगळी मंडळी टाळ्यांचा कडकडाट करतात आणि एरवी रॉकेटांवर तासन्‌तास बोलणारा मी हाताची घडी घालून बसतो. मग कुणीतरी विचारतंच, "आनंद नाही का झाला?"

होतो की! पण १६ जानेवारी २००३ ला नासाचं कोलंबिया हे अवकाशयान निघालं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. कल्पना चावलांची ही दुसरी अवकाशवारी, आणि यान १९९७ च्या पहिल्या वारीचंच. उड्डाण देखणं झालं. आम्ही खुशीत होतो आणि तिकडे ८२ व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळलाही होता. वजन जेमतेम पाऊण किलो. पुढचे सोळा दिवस सातही जण मन लावून प्रयोग करत राहिले.

१ फेब्रुवारीला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. मी नियंत्रण कक्षातलं बोलणं ऐकत होतो. सुरुवात अगदी किरकोळ वाटली. डाव्या पंखातल्या तापमापकांच्या नोंदी येईनाशा झाल्या. मग डाव्या बाजूच्या टायरचा दाब दिसेना. कमांडर रिक हसबंड 'रॉजर' म्हणाले आणि पुढचा शब्द अर्ध्यावर तुटला. उतरायला सोळाएक मिनिटं उरली होती. ह्यूस्टनहून हाका सुरूच राहिल्या, त्याच सपाट, कामाच्या आवाजात. नासाच्याच चॅलेंजर यानाच्या अपघातात, १९८६ मध्ये, उड्डाणाच्या ७३ व्या सेकंदाला आकाशात धूर तरी दिसला होता. इथे दिसायला काहीच नव्हतं. परतीच्या वाटेवर कोलंबियाचे तुकडे झाले होते, सातही जण गेले होते.

दुःख तेव्हा झालं. संताप आला तो चौकशीत एकेक गोष्ट बाहेर आली तेव्हा. यान वर असतानाच काही इंजिनिअरांनी पंखाचे फोटो काढून घ्या म्हणून विनवलं होतं. वरिष्ठांनी ते मनावर घेतलं नाही, कारण फोम आधीही पडत होता आणि यानं सुखरूप परतत होती. चॅलेंजरचं तरी काय वेगळं? थंडीत ओ-रिंगचं, म्हणजे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या कड्यांचं, रबर कडक होतं, उड्डाण करू नका, असं इंजिनिअर आदल्या रात्रीच सांगत होते. पुढे जुलै २००३ मध्ये चाचणीसाठी तसाच फोम ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने पंखाच्या खऱ्या तुकड्यावर डागला. चांगलं चाळीसेक सेंटिमीटरचं भगदाड पडलं! कोलंबिया परतताना अशाच भगदाडातून तापलेली हवा पंखात शिरली होती. फोम म्हणजे मऊ, हा समज तिथेच संपला.

म्हणून मला त्यानंतरचं, २००५ चं डिस्कव्हरी यानाचं उड्डाण भारी आवडतं. अंतराळ स्थानकाजवळ पोचल्यावर कमांडर आयलीन कॉलिन्स यांनी अख्खं यान सावकाश कोलांटी मारल्यासारखं फिरवलं आणि स्थानकातल्या अंतराळवीरांनी त्याच्या पोटाचे फोटो काढले. त्याही उड्डाणात फोम सुटला होताच, पण या वेळी बघायचं टाळलं नाही.

शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला निघाले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, थांबा. १५ जुलैला त्यांचं ड्रॅगन यान परतताना वातावरणात शिरलं, ठरल्याप्रमाणे संपर्क तुटला, परत आला. आधी दोन छोटी पॅराशूट उघडली, मग चार मोठी. चारही नीट फुगली आहेत हे मोजून घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. उड्डाणाला जमलेली निम्मीअधिक मंडळी एव्हाना पांगली होती.