फाउंटन्स ॲबी : आधी बाग, मग मठ

आमच्याकडे लीड्सला भारतातून कोणी आलं की यॉर्कला न्यायचं हे ठरलेलंच, पण यावेळी आई आली तेव्हा म्हटलं गर्दी नको, रिपनजवळ फाउंटन्स ॲबीला, म्हणजे एका जुन्या पडक्या ख्रिस्ती मठाला जाऊ. एक आधीच सांगते, बहुतेक लोक व्हिजिटर सेंटरवरून थेट मठात उतरतात, तसं करू नका. मठाला लागून स्टडली रॉयल नावाची बाग आहे, तिकडून, तळ्याच्या बाजूने आत शिरा.

कारण ही बाग ज्याने केली त्या जॉन एझलबीची गोष्टच भारी आहे. इंग्लंडचा अर्थमंत्री होता हा! 1720 साली साउथ सी कंपनीच्या शेअर्सचा फुगा फुटला, लोक देशोधडीला लागले आणि साहेबांचे हातही त्यात बरबटलेले निघाले, मग 1721 मध्ये पार्लमेंटमधून हाकललं, टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं, आणि सुटल्यावर हा इकडे येऊन 1742 मध्ये मरेपर्यंत बागच करत बसला. स्केल नदीला चक्क सरळ कालव्यात बसवलंय. हिरवळीत मधे गोल तळं, बाजूंना चंद्रकोरीसारखी तळी, काठावर छोटंसं देऊळ, पुतळे. आई बराच वेळ बघून म्हणाली, "सगळं छान आहे गं, पण फुलं कुठायत?" फुलं जवळजवळ नाहीतच. पाणी, गवत, झाडं आणि त्यांची पाण्यातली सावली, एवढ्यावरच सगळा खेळ.

मग वरच्या वाटेने एका अंधाऱ्या वळणदार बोगद्यातून चढायचं, पुढे 'ॲन बोलिन्स सीट' लागते (ॲन बोलिन म्हणजे आठव्या हेन्री राजाची मुंडकं उडवलेली राणी, इथे म्हणे बिनमुंडक्याचा पुतळा होता, म्हणून हे नाव, ब्रिटिश विनोद!) आणि तिथून एकदम खाली अख्खं खोरं आणि टोकाला तो पडका मठ. गंमत म्हणजे एझलबी जिवंत असेपर्यंत मठ शेजाऱ्याच्याच मालकीचा होता, एझलबीच्या मुलाने, विल्यमने, तो 1767 मध्ये विकत घेतला आणि बागेला जोडला. म्हणजे चारशे वर्षं जिथे पूजाअर्चा चालली ती जागा शेवटी एका श्रीमंताच्या बागेतला शोपीस झाली. मला हे जरा खटकतं, पण व्ह्यू बघून तोंडच बंद होतं.

मठाची सुरुवात मात्र अगदी उलटी. 1132 मध्ये यॉर्कच्या मठातलं ढिलं राहणीमान पटेना म्हणून 13 साधू बाहेर पडले आणि या ओसाड खोऱ्यात आले. पुढे सिस्टर्शियन पंथात गेले, मेंढ्या पाळल्या आणि लोकरीच्या धंद्यात असे श्रीमंत झाले की विचारू नका. साधेपणाचा पंथ, त्याला उंच मनोरा चालायचा नाही, तरी शेवटी शेवटी एका मठाधिपतीने जवळपास 50 मीटरचा टॉवर उभा केलाच. आणि 1539 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला, छपराचं शिसंसुद्धा काढून विकलं. छप्पर नसलेलं ते भलंमोठं चर्च बघून आईला वसईच्या किल्ल्यातली चर्चेस आठवली.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही सेलारियममध्ये होतो. नव्वदेक मीटर लांब कमानीच कमानी, आणि याचं छत शाबूत आहे. इथे कोठार होतं आणि कष्टाची कामं करणाऱ्या बंधूंची जेवायची सोय, झोपायला ते वरच्या मजल्यावर. त्यांना साधूंपेक्षा प्रार्थना कमी, शेती-मेंढ्या जास्त. आई म्हणाली, "म्हणजे राबायचं यांनी आणि पुण्य त्यांना."

जायचं असेल तर रिपनला ट्रेन नाही, लीड्सवरून 36 नंबरची बस आहे, पुढे टॅक्सी करा. चालणं भरपूर होतं, आईने साडीवर माझे स्निकर्स घातले होते.