तुम्ही विचारलंत म्हणून: मांडीवर चालेल ना?

एप्रिल-मे आला की हा प्रश्न येतो आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा येतो. कोणाची मुलगी न्यू जर्सीला, कोणाचा भाऊ लंडनला, बाळ आठ-दहा महिन्यांचं, तिकिटं काढायची आहेत. "दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं ना? मग वेगळी सीट कशाला?" विचारतानाच उत्तर ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त 'हो' हवं असतं. पूर्वी मी ते देत होते. आता 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. मग 'हिला विचारू नका, उगाच घाबरवते' असं माझ्या पाठीमागे म्हटलं जातं. तर एकदाच सगळं सांगून टाकते.

चालतं. नियमात बसतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळाचं तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के अधिक कर असं पडतं. वेगळी सीट घेतली तर बहुधा ७५ टक्क्यांच्या आसपास, काही कंपन्यांत पूर्णच. हा फरक किती जड जातो ते मला कळतं. त्यामुळे मांडीवर नेणाऱ्यांना मी बेजबाबदार म्हणते, हा आरोप कृपा करून माझ्यावर करू नका.

पण मग 'बॅसिनेट मिळालं की झालं' असंही म्हणू नका. बॅसिनेट म्हणजे सर्वांत पुढच्या भिंतीला अडकवलेली टोपली. वजनाची मर्यादा कुठे १० किलो, कुठे ११, आणि लांबी सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर. गुटगुटीत दहा महिन्यांचं बाळ त्यात पाय दुमडूनच झोपणार. तिकीट काढलंत त्याच दिवशी कंपनीला फोन करून मागा, प्रवासाच्या दोन दिवस आधी पुन्हा खात्री करा. तरी हमी कोणी देत नाही, कारण टोपल्या मोजक्या असतात आणि त्याच विमानात तुमच्यासारखी आणखी चार घरं असतात. त्या रांगेत समोर सीट नसते, म्हणजे पिशवी ठेवायला समोरच्या सीटखालची जागाही नसते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सगळं सामान वरच्या कप्प्यात जातं. एक डायपर, एक दुपटं, दुधाची बाटली आणि वेट वाइप्सचं छोटं पाकीट एवढं हातातल्या थैलीत ठेवा, नाहीतर अर्धा तास नुसते वर बघत बसाल. त्या रांगेतले हात टेकायचे दांडे बहुधा वर होत नाहीत, म्हणजे बाळाला दोघांच्या मांडीवर आडवं टाकायचा बेतही बारगळतो.

आणि मुख्य गोष्ट. पट्ट्याचा दिवा लागला की बाळ टोपलीतून बाहेर. नुकतंच तासभर थोपटून झोपवलेलं असलं तरी. रात्रीत असा दिवा चार वेळाही लागू शकतो. म्हणजे ज्या वेळी विमान हिसके मारतं, नेमकं त्या वेळी बाळ टोपलीत नसतं, तुमच्या हातांत असतं.

हातांत म्हणजे कसं, याबद्दल जगाचं एकमत नाही. युरोपातल्या नियमांप्रमाणे मांडीवरच्या बाळाला एक छोटा जादा पट्टा द्यावाच लागतो. तो तुमच्या पट्ट्यात ओवायचा आणि बाळाच्या पोटावर लावायचा. अमेरिकेच्या नियमांत उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी हाच पट्टा चालत नाही, कारण जोराचा धक्का बसला तर तुमचं शरीर पुढे दुमडतं आणि बाळ तुमच्या व त्या पट्ट्याच्या मध्ये चिरडतं. अंगाला बांधायचा कॅरियरही तिथे त्या वेळेला चालत नाही. नुसतं छातीशी धरायचं. बाळ तेच, मांडी तीच, फक्त विमानकंपनी वेगळी. दोघांपैकी बरोबर कोण, ते मला विचारू नका. स्वतःचा पट्टा बाळावरून गुंडाळू मात्र नका, हे दोन्हीकडे सांगतात.

आता ज्या गोष्टीमुळे माझं 'हो' थांबलं ती सांगते. १९ जुलै १९८९. युनायटेडची २३२ क्रमांकाची फ्लाइट डेन्व्हरहून शिकागोला निघाली होती. डीसी-१० विमान, २९६ माणसं. वाटेत शेपटीतलं इंजिन फुटलं, त्याच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या तिन्ही यंत्रणा तोडल्या आणि विमान वळवायला वैमानिकांच्या हातात काहीच उरलं नाही. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत त्यांनी ते पाऊण तासाच्या आसपास हवेत सांभाळलं आणि आयोवामधल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं.

त्या विमानात मांडीवरची चार मुलं होती. केबिन क्रूची प्रमुख होती जॅन ब्राउन. मांडीवरच्या मुलांसाठी तेव्हाची पद्धत होती, तीच तिने आईवडिलांना सांगितली: मुलाला भोवतीने उशा-पांघरुणं लावून पायाशी जमिनीवर ठेवा. आपल्याकडे पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवताना याहून जास्त बंदोबस्त करतात. विमान टेकलं, उलटलं, तुटलं, पेटलं. ११२ जण गेले, १८४ वाचले. अकरा महिन्यांची एक मुलगी जमिनीवरून उडून सामानाच्या कप्प्यात जाऊन पडली होती. बाहेर पडलेल्या एका प्रवाशाला तिचं रडणं ऐकू आलं, तो धुरात परत आत शिरला आणि तिला काढून आणलं. (बाळ रडलं तर शेजारचे काय म्हणतील, असं मला कोणी विचारलं की मला ही मुलगी आठवते.) चौघांपैकी एक मुलगा मात्र धुरामुळे दगावला. अजून दोन वर्षांचाही नव्हता. त्याची आई पुन्हा विमानाकडे निघाली होती आणि तिला अडवायला समोर जॅन ब्राउनच उभी होती. जमिनीवर ठेवायला तुम्हीच सांगितलंत, असं त्या आईने तिला ऐकवलं. प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा हवा, ही मागणी ब्राउन पुढे कित्येक वर्षं करत राहिली.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानेही १९९० मध्ये हीच शिफारस केली. तिथल्याच विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये सक्ती करणार नाही असं जाहीर केलं. त्यांचं कारण असं: तिकीट महाग झालं तर घरं विमानाऐवजी गाडीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं दगावतील. हिशेब म्हणून हे पटतं. पण तो हिशेब डेन्व्हर-शिकागोचा आहे. मुंबईहून नेवार्कला कोण गाडी घेऊन निघणार आहे? इथे सीट परवडली नाही तर प्रवासच रद्द होतो आणि आजी-आजोबा नातवंडाला आणखी वर्षभर स्क्रीनवरच बघतात. हा तोटा कुठल्या रकान्यात मांडायचा?

'एवढे अपघात होतात कुठे' हे माझंच जुनं वाक्य आहे, त्यामुळे ते मला ऐकवू नका. अपघात फार क्वचित होतात, हिसके क्वचित नसतात. नऊ किलोचं बाळ गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोराच्या झटक्यात ८१ किलोइतकं जड होतं. ८१ किलो हातांत धरून ठेवणारी आई मी पाहिलेली नाही. बाबाही नाही.

मग सीट घ्या, असं सरळ का सांगत नाही? कानांमुळे.

विमान ३५ हजार फुटांवर असताना केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. वर चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप बाहेर जाते. उतरताना उलट होतं. बाहेरचा दाब वाढतो आणि कानाच्या नळीतून हवा आत घ्यावी लागते. ती नळी गिळताना उघडते. मोठी माणसं आवंढा गिळतात. बाळाला ते सांगता येत नाही, म्हणून त्याच्या तोंडात गिळायला काहीतरी हवं. नेहमीची चूक अशी की उड्डाणाला घाबरून पोटभर पाजतात आणि उतरताना बाळ तृप्त झोपलेलं असतं. करायचं याच्या उलट. उतरण्याआधीचे दीड-दोन तास पाजायचं टाळा. समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावा आणि उंचीचा आकडा घसरायला लागला, इंजिनाचा आवाज मऊ झाला की बाळाला जागं करा. घोषणेची वाट बघू नका, ती उशिरा होते. पहिल्या पाच मिनिटांत बाटली संपवू नका, कारण उतरायला अर्धा तास लागतो आणि कानांना खरा त्रास शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत होतो. बाटलीला बारीक छिद्राचं बूच लावा, मधेमधे थांबा, बाळ बसतं ठेवा. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब वीस मिनिटं आधी. याउपर ते रडलंच तर रडू द्या, रडतानाही नळी उघडते.

बाटलीचं एक. जमिनीवर घट्ट बंद केलेली बाटली वर उघडलीत की आतली दाबलेली हवा दूध बुचातून फवाऱ्यासारखी उडवते, शेजाऱ्याच्या शर्टावर. उभी धरा, वर दुपटं टाका, कडं अर्धा वळसा सैल करा, फुस्स झालं की पुन्हा आवळा. पावडर एकेका वेळेपुरती कोरड्या डबीत मोजून न्या आणि उकळलेलं पाणी घरच्या थर्मासमध्ये. विमानातलं गरम पाणी टाकीतलं असतं, ते दुधात नको. सुरक्षा तपासणीत बाळाच्या दुधा-पाण्याला १०० मिलिलिटरची अट लावत नाहीत, पण पिशवीतून वेगळं काढून आपणहून दाखवा.

तर अडचण ही. अंगावर पिणारं बाळ उतरताना मांडीवर हवं, आणि नेमकी उतरण्याचीच वेळ अशी की ते स्वतःच्या सीटमध्ये पट्ट्यात हवं. बाटलीवर असेल तर दोन्ही जमतं. अंगावर असेल तर आधीपासून काढून ठेवलेलं दूध बाटलीने द्यायची सवय लावावी लागते, आणि ती आठ दिवसांत लागत नाही, कधीकधी लागतच नाही. यावर मला उत्तर सापडलेलं नाही.

आजीचं उत्तर मला माहीत आहे: सहाणेवर जायफळाचे दोन वळसे जास्त, बाळ थेट न्यूयॉर्कला उठेल. नको. दोन वळशांत किती उतरतं ते कोणालाच सांगता येत नाही. तेच सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या औषधांचं. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देऊच नये, श्वास मंदावतो, असा ठळक इशारा अमेरिकेत त्याच्या वेष्टनावरच आहे. आणि गुंगीतलं बाळ उतरताना गिळणार कसं? वर्षाखालच्या बाळाला मध तर चाटवूच नका, जमिनीवरही नाही.

सीट घ्यायचं ठरलं तर रिकाम्या सीटचा उपयोग नाही, कार सीट हवी. तिच्यावर विमानात वापरायला मान्यता असल्याचं लेबल हवं. अमेरिकेत घेतलेल्या सीटवर ते लाल अक्षरांत छापलेलं असतं. भारतात घेतलेल्या बहुतेक सीटवर नसतं, म्हणून लेबलाचा फोटो कंपनीला आधी पाठवून उत्तर लेखी घ्या. काउंटरवर वाद घालून काही होत नाही. टेप घेऊन रुंदी मोजा. १६ इंचांपेक्षा जास्त असेल तर दोन दांड्यांमध्ये बसेलच असं नाही. कार सीटखाली गाडीत बसवायचा पाया घरी ठेवा, विमानाचा पट्टा सीटच्या खाचेतूनच ओवायचा असतो. जागा खिडकीची घ्या, आणीबाणीच्या दाराच्या रांगेत किंवा तिच्या लगतच्या रांगांत नको. तोंड मागे करून लावलीत तर पुढच्या माणसाची पाठ मागे झुकणार नाही. तो कुरकुर करणार. त्याला आधीच सांगून ठेवा.

जुळी असतील तर आणखी एक: रांगेच्या एका बाजूला ऑक्सिजनचा बहुधा एकच जादा मास्क असतो, म्हणून दोन मांडीवरची बाळं शेजारी-शेजारी बसू देत नाहीत. जावेबरोबर प्रवास करून गप्पा मारत जायचा बेत असेल तर तोही इथेच संपला.

परवा एकीने विचारलं, "ते सगळं ठीक, पण तू काय केलं असतंस?" जाताना दहा महिन्यांचं असेल तर कदाचित मांडीवर, येताना सव्वा वर्षाचं असेल तर सीट. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्या वयाला ते हातांत राहत नाही, एवढंच. तुम्ही निदान एवढं करा: बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसाची तारीख आणि परतीच्या विमानाची तारीख एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. वाढदिवस आधी येत असेल तर परतीला सीट घ्यावीच लागते. मुंबईहून रात्री दीडला निघणारं विमान तारखेने दुसऱ्या दिवसाचं असतं, तेही त्याच कागदावर लिहा.